निकालपत्रातले बाळ आणि दीड किलोचे वजन

या स्तंभात आपण एरवी जुलाब, जंतुसंसर्ग, लसी, रक्तदाब यांच्याविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. न्यायालयाचा आहे, आरक्षणाचा आहे, आणि तरीही तो माझ्या बालरोगाच्या दवाखान्यातून सुरू होऊन तिथेच परत येतो. शिवाय यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी कबूल करतो आणि मग पुढे जातो.

३ जानेवारी २०२४ रोजी, सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त, तालुक्याच्या एका महाविद्यालयात मला बोलावले होते. वंचित समाजातल्या मुलामुलींनी डॉक्टर का व्हावे, हा विषय. भाषणाच्या भरात मी एक वाक्य टाकले: "अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळाला कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला, तर ते बाळ जगण्याची शक्यता दुपटीहून जास्त होते. हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिले आहे." टाळ्या पडल्या. मलाही बरे वाटले.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी विज्ञान शाखेची एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, तिथं एरवी शंभरातली किती बाळं जगतात?"

मी म्हणालो, "नव्व्याण्णवच्या वर."

"मग दुप्पट म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव का?"

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसला होता. तीस वर्षे बाळांची वजने करणाऱ्या माणसाला जे सुचायला हवे होते, ते एका विद्यार्थिनीला सुचले. मग मी मूळ कागद शोधून वाचायला घेतले. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घेण्याची त्यांची पद्धत घटनाबाह्य ठरली. आपल्याकडे असतात तशा राखीव जागा तिथे नाहीत. कोटा ठेवायला तिथे १९७८ पासूनच मनाई आहे. अनेक गोष्टींपैकी एक म्हणून वंश पाहता येत असे, तेही आता बंद झाले. या निकालाशी असहमत असलेल्या न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यात भिन्नमताचे निकालपत्र लिहिले. वैद्यकीय महाविद्यालयांत सर्व समाजांची मुले का हवीत हे सांगताना त्यांनी लिहिले की, जोखमीच्या कृष्णवर्णीय नवजात बाळाला कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला तर ते जगण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते. मी टाळ्या मिळवल्या त्या याच वाक्यावर.

हे वाक्य त्यांच्याकडे आले कुठून? तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने 'न्यायमित्र' या नात्याने एक निवेदन दिले होते, त्यातून. आणि त्या निवेदनात ते आले २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून. फ्लोरिडा राज्यातल्या १९९२ ते २०१५ या काळातल्या सुमारे १८ लाख जन्मांच्या नोंदी या अभ्यासाने तपासल्या होत्या, आणि तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला होता. म्हणजे घराणे चांगले होते.

आता अभ्यासात नेमके काय म्हटले होते ते पाहा. गोऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कृष्णवर्णीय बाळांचे मृत्यू हे गोऱ्या बाळांपेक्षा लाखामागे ४३० ने जास्त होते. कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या देखरेखीखाली हाच फरक लाखामागे १७३ होता. म्हणजे दोन समाजांतला मृत्यूचा फरक निम्म्याहून कमी झाला. बाळ जगण्याची शक्यता दुप्पट झाली, असे त्यात कुठेही नव्हते. गुंतागुंतीच्या बाळंतपणांत हा फायदा जास्त दिसतो असे अभ्यासकांनी म्हटले होते, पण तिथेही जगण्याचे प्रमाण दुप्पट झालेले नव्हते. ४३० मधून १७३ वजा केले तर लाखामागे २५७ उरतात, म्हणजे साधारण चारशे बाळांमागे एक. ही संख्या लहान समजू नका. ज्या आईचे ते एक बाळ आहे तिला विचारा. पण चारशे बाळांमागे एक आणि 'जगण्याची शक्यता दुप्पट' या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. निकालानंतर यावर टीका झाली, तेव्हा निवेदन देणाऱ्या वकिलांना न्यायालयाला खुलाशाचे पत्र पाठवावे लागले.

ही झाली वाचण्यातली चूक. खरी मेख पुढेच आहे, आणि ती समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्याकडे यावे लागेल.

आपल्याकडे एक बोलणे वाचकांनी नक्की ऐकले असेल: "मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं की मूल हाती लागत नाही, गावच्या दवाखान्यात मात्र सगळी सुखरूप होतात." समजा, गावच्या दवाखान्यात हजार बाळंतपणे झाली. त्यात दीड किलोच्या आतली बाळे फक्त पाच, कारण तशी शक्यता दिसली की आपण बाईला आधीच पुढे पाठवतो. जिल्ह्याच्या दवाखान्यातही हजार बाळंतपणे झाली, पण तिथे सगळीकडून पाठवलेली अशी पन्नास बाळे जमा झाली. समजा, दोन्हीकडचे डॉक्टर अगदी सारखे हुशार आहेत. चांगल्या वजनाच्या बाळांत दोन्हीकडे हजारी दोन दगावतात आणि दीड किलोच्या आतल्या बाळांत दोन्हीकडे पाचांतले एक दगावते. तर गावात मृत्यू होतील सुमारे तीन, आणि जिल्ह्याला सुमारे बारा. चौपट! फलकावर नुसते आकडे लिहिले तर जिल्ह्याचे डॉक्टर कसाई ठरतील आणि गावचे देव. प्रत्यक्षात फरक डॉक्टरांत नाही, तर कोणाकडे कोणते बाळ आले यात आहे.

फ्लोरिडाच्या अभ्यासाबाबत नेमके हेच झाले, असे २०२४ साली त्याच नियतकालिकात दोन संशोधकांनी दाखवून दिले. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट व्हरब्रुगेन यांनी तोच हिशेब पुन्हा केला. पहिल्या अभ्यासात बाळाच्या ६५ प्रकारच्या दुखण्यांची नोंद घेतली होती, पण १,५०० ग्रॅमच्या आतले जन्मवजन हे कारण त्या हिशेबात धरलेच नव्हते. नवजात मृत्यूंतला फार मोठा वाटा याच बाळांचा असतो, हे कोणतीही परिचारिका सांगेल. आणि अशी अगदी लहान कृष्णवर्णीय बाळे गोऱ्या डॉक्टरांकडे जास्त प्रमाणात गेलेली होती. वजन हिशेबात धरताच डॉक्टरच्या वर्णाचा परिणाम इतका आकसला की तो योगायोगापासून वेगळा काढता येईना.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. दुसऱ्या अभ्यासाच्या लेखकांपैकी एक जण उजव्या विचारांच्या संस्थेत काम करतो. वाचकांनी तेही लक्षात ठेवावे. पण वजनाचा काटा कोणाच्या विचारसरणीवर चालत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या फेरतपासणीने इतकेच दाखवले की या नोंदींवरून तो दावा सिद्ध होत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीच्या घरात आहे, हे सत्य जागच्या जागी आहे. मुळात इतकी कृष्णवर्णीय बाळे दीड किलोच्या आत का जन्मतात, हा प्रश्नही जागच्या जागी आहे. त्याचे उत्तर प्रसूतिगृहात डॉक्टर कोण होता यापेक्षा आईने आधीची वर्षे कशी काढली यात शोधावे लागेल.

कोणी म्हणेल, एका न्यायमूर्तींची चूक झाली, त्यात काय एवढे? शिवाय त्यांचे मत अल्पमतातले होते, निकाल त्याने बदलला नाही. खरे आहे. पण ही खोड एकाच बाजूची नाही. आरक्षणाला विरोध करणारे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या मतांमध्ये 'मिसमॅच' नावाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला आहे. सवलतीने मोठ्या महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी तिथे मागे पडतो आणि त्याचे नुकसानच होते, असा हा सिद्धान्त. रिचर्ड सँडर यांनी २००४ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांबद्दल तो मांडला, आणि २००५ सालीच इतर अभ्यासकांनी तेच आकडे घेऊन तो खोडून काढणारे लेख लिहिले. तो वाद आजही मिटलेला नाही. म्हणजे ज्याला जे ठरवायचे आहे त्याला सोयीचा अभ्यास सापडतो. औषधाच्या दुकानात जाऊन आधी गोळी निवडायची आणि मग तिला शोभेल असा आजार सांगायचा, तसा हा प्रकार आहे.

यापेक्षा बरा मार्ग नाही का? आहे, आणि तो याच खटल्यात दिसला होता. हार्वर्डचा खटला २०१८ साली बोस्टनच्या कनिष्ठ न्यायालयात चालला, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकेक अर्थतज्ज्ञ उभा केला. विद्यापीठाकडून डेव्हिड कार्ड, ज्यांना पुढे २०२१ साली नोबेल मिळाले. विरुद्ध बाजूने पीटर आर्सिडियाकोनो. दोघांपुढे नोंदी त्याच, निष्कर्ष मात्र उलटे. भांडण बऱ्याच अंशी एका गोष्टीवर होते: विद्यापीठ अर्जदाराच्या स्वभावाला जे गुण देते, ते हिशेबात धरायचे की नाही. फ्लोरिडात वजनाचे जे, तेच इथे. पण फरक असा की, इथे दोघांची उघड उलटतपासणी झाली. कोणी काय धरले आणि काय सोडले हे न्यायाधीशांपुढे आले. बाळांचा अभ्यास मात्र शेवटच्या पायरीवर निवेदनातून आत आला. त्याला कोणी पिंजऱ्यात उभे करून विचारले नाही, "का हो, वजन कुठे आहे?"

आपल्याला हे परके वाटू नये. मराठा आरक्षणाच्या वेळी राज्य मागासवर्ग आयोगाचा एकच अहवाल दोन न्यायालयांपुढे होता. जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच अहवालातले सरकारी नोकऱ्यांचे तक्ते वाचून प्रतिनिधित्व पुरेसे असल्याचा उलटा निष्कर्ष काढला. कोण बरोबर, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि ती या स्तंभाची जागाही नाही. पण आकडे आपण होऊन बोलत नाहीत, त्यांना कोणीतरी बोलके करतो, एवढे तरी आपण यातून घ्यावे.

आता माझे मत सांगतो. वंचितांना शिक्षणात आणि नोकरीत जागा मिळाव्यात या बाजूचा मी आहे, आणि म्हणूनच मला हा आकडा नको आहे. न्याय हे औषध नाही की त्याचा गुण आकड्यात दाखवल्याशिवाय तो द्यायचा नाही. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा हवाला दिला होता. क्लार्क पतिपत्नींचा बाहुल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: कृष्णवर्णीय मुलेही गोरी बाहुली पसंत करीत. पण जिथे शाळा वेगळ्या नव्हत्या त्या उत्तरेकडच्या मुलांतही ती पसंती दिसली होती, किंबहुना जास्तच. म्हणजे प्रयोग डळमळीत होता, निकाल मात्र योग्य होता. एडमंड कान नावाच्या कायदेपंडिताने १९५५ सालीच बजावले होते की, नागरिकांचे घटनात्मक हक्क अशा तकलादू पायावर उभे करू नका. उद्या नवा अभ्यास आला आणि उलटे निघाले, तर काय हक्क काढून घेणार? आपल्या घटनेने कलम १५ आणि १६ मध्ये मागासलेल्यांसाठी तरतूद केली, तिचा पाया कोणत्याही प्रयोगापेक्षा पक्का आहे: पिढ्यान्‌पिढ्या दार बंद होते, ते उघडायचे आहे. खोटा आकडा जोडला की पाया पक्का होत नाही. उलट आकडा पडला की लोक म्हणतात, बघा, सगळेच खोटे होते.

आणि नुकसान फक्त वादातच होते असे नाही. त्या भाषणानंतरच्या पावसाळ्यात एका वस्तीवरचे बाळ माझ्याकडे आले. वजन एक किलो चारशे ग्रॅम, श्वास जलद, अंग गार. मी चिठ्ठी लिहून ताबडतोब जिल्ह्याच्या नवजात शिशू कक्षात न्यायला सांगितले. आजी दारातच अडून बसली. "डॉक्टरसाहेब, तिकडं आपलं कोण हाय? नात सांगत होती, तुम्हीच कालेजात म्हणाला म्हणं, आपला डाक्टर असला तरच लेकरू जगतंय. मग तिकडं परक्याच्या हाती कशाला धाडताय?"

तिची समजूत घालण्यात, मुलाच्या बापाला फोन करून बोलावण्यात दोन तास गेले. तोवर बाळाला आईच्या छातीशी कांगारूसारखे बांधून ऊब दिली. शेवटी ते गेले, बरे झाले, आता अंगणात पळते. पण ते दोन तास माझ्या हिशेबात जमा आहेत. अशा बाळाला डॉक्टरच्या जातीपेक्षा ऊब, प्राणवायू, आईचे दूध आणि वेळेवर मिळालेली गाडी या गोष्टी वाचवतात. आणि मीच त्या आजीच्या कानात भलते भरले होते.

मग आपल्या माणसाचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि त्याचे चांगले पुरावेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात मार्सेला अल्सान आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. कृष्णवर्णीय पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसे कोणत्याही निवडीविना काहींना कृष्णवर्णीय तर काहींना इतर डॉक्टरांकडे पाठवले. कृष्णवर्णीय डॉक्टरशी बोलल्यावर ते मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा तपासण्यांना जास्त तयार झाले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. इथे आजारी कोण कोणाकडे जाणार हे नशिबाने ठरले होते, म्हणून वजनासारखी मेख राहण्याची शक्यता कमी. आणि दावाही बेताचा: माणूस मोकळेपणी बोलतो आणि ऐकतो.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून काय केले ते वाचकांना ठाऊक आहे. ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि तुलनेसाठी दुसरी ४७ गावे धरली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. बाई गावची होती, भाषा घरची होती, म्हणून दार उघडले. पण दार उघडल्यावर बाळ वाचले ते तिच्या हातातल्या कसबामुळे. आपुलकी आणि कसब, दोन्ही लागतात. आपुलकीला कसबाचे श्रेय देऊ नये, आणि कसबाने आपुलकीला हिणवू नये.

तेव्हा वाचकहो, 'संशोधनात सिद्ध झाले' असे कोणीही सांगितले, मग ते वर्तमानपत्र असो, न्यायमूर्ती असोत, की या स्तंभाचा लेखक, तर चार प्रश्न विचारा. दुप्पट किंवा निम्मे म्हणजे मुळात कितीमागे किती? तुलना कोणाशी केली? ज्यांची तुलना केली ते सुरुवातीला सारखे होते का, की एकीकडे जड आजारीच जमा झाले होते? आणि दुसऱ्या कोणी तोच हिशेब करून पाहिला का? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. बाजारात भाजी घेताना आपण रोज विचारतो, तसेच हे आहेत.

न्यायालयांकडूनही माझी एवढीच अपेक्षा आहे. शेवटच्या घटकेला आलेला अभ्यास दोन्ही बाजूंपुढे ठेवावा, मूळ कागद मागवावा, आणि निवेदनातले वाक्य जसेच्या तसे उचलू नये. आम्ही डॉक्टर दुसऱ्याने लिहिलेल्या वजनावर औषधाची मात्रा ठरवत नाही. बाळ स्वतः काट्यावर ठेवतो.

त्या विद्यार्थिनीला मी आता या स्तंभातून उत्तर देतो आहे. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. एकशे अठ्ठ्याण्णव होत नाहीत. तू डॉक्टर हो. तुझ्या वस्तीला तुझी गरज आहे, आणि त्यासाठी मला फुगवलेल्या आकड्याची गरज पडायला नको होती.